बदलीवाल्यांचे मास्तर

आमच्या मास्तरांनी आयुष्यात एकही फ्री थ्रो डोळ्यांनी पाहिला नाही. आपला खेळाडू रेषेवर उभा राहिला, बॉल हातात घेऊन दम सोडायला लागला, की हे गर्रकन पाठ फिरवायचे आणि छत्री टेकून प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहायचे. मग नुसत्या आवाजावरून निकाल सांगायचे. जाळी सळसळली तर "गेला." रिंगवर टण्णकन वाजलं तर "लोखंड." आणि काहीच वाजलं नाही, म्हणजे बॉल रिंगलाही न शिवता खाली आला, तर मास्तर हळूच वळून त्या खेळाडूकडे असे बघायचे, जणू त्यानं घरातलं कोणी गेल्याची तार आणून दिली असावी.

"मास्तर, तुम्ही बघत का नाही?" मी एकदा विचारलं.

"मी बघितलं की माझे डोळे पोराच्या खांद्यावर बसतात," ते म्हणाले. "आधीच काय कमी ओझं आहे रे त्याच्यावर?"

हे मास्तर म्हणजे परळच्या आमच्या गिरणीच्या बास्केटबॉल टीमचे कोच. पण कोच हा शब्द त्यांना आवडायचा नाही. कोच म्हणजे आगगाडीचा डबा, म्हणायचे. ठेंगणे, काळेसावळे, खाकी अर्धी चड्डी, वर गळाबंद कोट, डोक्यावर काळी टोपी आणि बारा महिने हातात छत्री. आमच्यातला सगळ्यात बुटका खेळाडूही त्यांच्यापेक्षा हातभर उंच होता. छत्री ऊन-पावसासाठी नव्हतीच. ती उघडून, टाचा उंचावून ते रिंगखाली उभे राहायचे आणि म्हणायचे, "मी सहा फुटी सरदारजी आहे असं समज. आता माझ्या डोक्यावरून टाक."

गिरणीला ही टीम कशी मिळाली, तर धाकट्या शेठजींनी परदेशात हा खेळ पाहिला होता म्हणून. कापसाचं गोदाम आणि रंगखातं यांच्यामधल्या अंगणात सिमेंट घातलं, गिरणीच्या फिटरनं दोन रिंगा ठोकून दिल्या, आणि खेळता येणाऱ्या पोरांना बदली म्हणून कामावर घ्यायला सुरुवात झाली. बदली म्हणजे कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या जागी उभा करायचा माणूस. रोज सकाळी गेटवर जाऊन थांबायचं. नाव पुकारलं तर आत, नाही तर घरी. आम्हा खेळाडूंना सवलत एवढीच, की सामन्यांचे दिवस असेपर्यंत आमचं नाव हमखास पुकारलं जाई. अर्धा दिवस हलकं काम, अर्धा दिवस खेळ, आणि खेळण्याचा पगार. सामने संपले की आम्हीही इतरांबरोबर गेटवर.

काळाचौकीच्या आमच्या चाळीत हे कोणाला पटतच नव्हतं. "गिरणीत लागलो, रिंगमध्ये," असं मी आईला सांगितलं तेव्हा ती फार खूश झाली. गिरणीत रिंग म्हणजे सूत कातायचं खातं. नंतर एक दिवस ती गिरणीत डबा घेऊन आली आणि तिनं ती दुसरी रिंग पाहिली. बराच वेळ बघत राहिली. रात्री जेवताना म्हणाली, "बूड फाटलेल्या जाळीत चेंडू टाकता. तो खाली पडतो. परत टाकता. याचा पगार देतात तुला?"

मास्तर हा खेळ कुठे शिकले याबद्दल त्यांच्या स्वतःच्याच बऱ्याच हकिगती होत्या. लढाईच्या दिवसांत गोदीजवळ अमेरिकन सोल्जरांचा तळ पडला होता आणि तिथे ते नोकरीला होते, एवढं सगळ्या हकिगतींत सारखं असे. पण कधी ते तिथे आचारी असत, कधी ड्रायव्हर, आणि एकदा तर सोल्जरांच्या टीमचे कप्तान झाले होते. माझा कयास असा, की ते तिथे भांडी घासत असावेत आणि संध्याकाळी रिंगखाली उभे राहून बॉल परत टाकत असावेत. कारण खेळाचं त्यांचं सगळं शास्त्र बॉल देण्याचं होतं, टाकण्याचं नव्हे. "बॉल म्हणजे तव्यावरची भाकरी. हातात घेऊन विचार करत बसलास तर हात भाजेल. दे पुढे!" आणि कोणी देताना बॉलकडेच बघत राहिला तर मालवणी सुरू व्हायचं. "खंय बघतंस रे मेल्या? बॉल काय पळान जाता?"

नव्या पोराला ते पहिले काही आठवडे बॉलला हातच लावू देत नसत. त्याला संध्याकाळच्या गर्दीत लालबागच्या बाजारात न्यायचे आणि मिरच्या-मसाल्याच्या दुकानांपासून चिंचपोकळीच्या पुलापर्यंत पळायला लावायचे. अट एकच, कोणाला धक्का लागता कामा नये. पोरगा पुढे पळायचा आणि मागून छत्री घेऊन मास्तर चौकशी करत यायचे.

"मावशी, लागला का हो धक्का?"

"कोणाचा?"

"आत्ता गेला तो लंबू."

"नाही बुवा."

"शाब्बास!" आणि मास्तर पुढच्या माणसाकडे. एकदा एका कोळिणीनं पाटी सांभाळत "लागला की!" म्हटलं, तर तिच्यासमोर त्यांनी त्या पोराला कान धरून उभं केलं. तिलाच लाज वाटली. तिनं त्याला दोन बांगडे दिले.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. परळ-लालबागला रोज सभा, मोर्चे, मध्येच हरताळ, मध्येच कर्फ्यू. मास्तर प्रत्येक मोर्चात असत. टीमही बरोबर. "मुंबई आमचीच" असा घसा फोडून झाला की बाजूच्या पोराला म्हणायचे, "पुढच्याच्या टाचेवर पाय देऊ नकोस रे. अंतर राख."

असाच एकदा हरताळ होता. गिरणी बंद, म्हणून आमच्या चाळीमागच्या मोकळ्या जागेत भिंतीला रिंग लावून सराव चालला होता. जमावबंदी लागली होती. पाच किंवा पाचाहून जास्त माणसं एकत्र दिसली की गुन्हा. आणि बास्केटबॉलच्या टीममध्ये असतात नेमके पाच. मास्तरांनी त्यावर तोड काढली. चौघे आत आणि पाचवा, म्हणजे मी, भिंतीपलीकडच्या गल्लीत. मी भिंतीवरून बॉल आत टाकायचा आणि आतल्यांनी तो मला परत द्यायचा. मला आतलं काही दिसत नव्हतं. कोण कुठे पळतोय ते पायांच्या आवाजावरून ओळखायचं.

थोड्या वेळानं एक हवालदार आला. साताऱ्याकडचा असावा.

"किती जण आहात रं?"

"चार," मास्तर म्हणाले.

"आन् त्यो भिंतीपल्याडला?"

"तो दुसऱ्या गल्लीतला आहे. त्याची गल्ली वेगळी, त्याचा जमाव वेगळा."

"आन् तुम्ही?"

"मी खेळत नाही हो. मी नुसता ओरडतो."

"मास्तर," हवालदार म्हणाला, "वरडनाऱ्यालाच आधी उचलायचा हुकूम हाय."

मास्तरांनी मान डोलावली, जिना चढून पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेले आणि तिथून ओरडू लागले. हवालदार तंबाखू मळत बराच वेळ सराव बघत उभा होता. जाताना भिंतीवरून डोकावून मला म्हणाला, "तुझा बॉल जरा उंच येतोय." मास्तरांनी वरून दाद दिली. "बघ! पोलिसालासुद्धा कळतं!"

आता त्यांच्या खऱ्या खुळाबद्दल सांगतो.

आमची टीम कधी जिंकत नसे, कारण चांगला तयार झालेला खेळाडू मास्तर टिकूच देत नसत. दुसऱ्या टीमला देऊन टाकायचे. गोदीची टीम होती, रेल्वेची होती, विजेच्या कंपनीची होती. त्या लोकांकडे नोकऱ्या कायमच्या होत्या. सामन्याच्या मध्यंतरात आम्ही लिंबू चोखत बसलेलो असताना मास्तर समोरच्या टीमच्या माणसाकडे जायचे आणि मुलगी दाखवल्यासारखा आमच्यातला एकेक जण दाखवायचे. "तो आठ नंबर बघा. तब्येत बघा. निर्व्यसनी आहे. आईला पत्र लिहितो." मग आवाज खाली आणून खरा प्रश्न. "पर्मनंट कधी करता? क्वार्टर देता? नळ घरात की बाहेर?"

माझगावचा फर्नांडिस असाच रेल्वेत गेला. पाठोपाठ आणखी दोघे गोदीत गेले. पोरगा दोन वर्षं घासूनपुसून तयार करायचा आणि पहिला मोसम गाजवला की मास्तर त्याला पेढे वाटून निरोप द्यायचे. पुढच्या वर्षी तोच पोरगा आमच्याविरुद्ध खेळायला उभा. सामन्याआधी मास्तरांच्या पाया पडायचा आणि मग आम्हाला धू धू धुवायचा. आमचे लेबर ऑफिसर, म्हणजे टीम ज्यांच्या हाताखाली होती ते साहेब, संतापून जायचे. "मास्तर, ही टीम आहे की रोजगार कचेरी?"

"साहेब, तुम्ही यांना पर्मनंट करा. एकाला जाऊ देणार नाही."

"बघू."

"तुम्ही बघा. तोवर मी पण बघतो."

यात एक गोष्ट होती आणि ती गिरणीत सगळ्यांना ठाऊक होती. मास्तर स्वतःही बदलीच होते. वय झालं तरी सकाळी छत्री घेऊन गेटवर उभे राहायचे आणि नाव पुकारल्यावर शाळेतल्या मुलासारखे "हजर" म्हणायचे.

मग करी रोडचा वामन आला. नाव वामन, आणि दारातून वाकल्याशिवाय आत येता येत नसे. बाप गिरणीत कामावर असतानाच वारलेला, आई आणि दोन बहिणी गावाला, हा एका खोलीत बारा जणांत वळकटी टाकून राहायचा. बोलायचा कमी. मास्तरांनी त्याला बाजारात पळवला, छत्रीखाली उड्या मारायला लावल्या, आणि वर्षभरात तो असा खेळू लागला की गिरणीच्या पाळ्या सुटल्यावर कामगार घरी न जाता अंगणात थांबू लागले. त्या मोसमात आम्ही पहिल्यांदा फायनलला गेलो. समोर गोदीची टीम.

फायनलच्या आधी साहेबांनी मास्तरांना बोलावलं. कप्तान म्हणून मीही बरोबर होतो. साहेबांनी आम्हाला चहा सांगितला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"मास्तर, धाकटे शेठ स्वतः येणार आहेत," ते म्हणाले. "कप आला, की दुसऱ्या दिवशी तुम्ही पर्मनंट. माझा शब्द. आणि नाही आला, तर मात्र मला ही टीम दुसऱ्याच्या हातात द्यावी लागेल."

मास्तरांनी बशीतला चहा संपवला. "आणि पोरं?"

"पोरांचं बघू."

शनिवारी दुपारी दादरच्या मैदानावर आम्ही कपडे बदलून तयार झालो आणि बघतो तर वामन नाही. शेठ आले, साहेब आले, गिरणीतली निम्मी माणसं आली, वामनचा पत्ता नाही. मी मास्तरांना गाठलं.

"वामन कुठाय?"

"माझगावला. गोदीत भरती आहे आज. मी पाठवलाय."

मला आधी थट्टाच वाटली. "आज? आत्ता?"

"भरती आज आहे तर तो उद्या जाऊन काय करील?"

साहेब धावत आले. शेठ जवळच बसले होते म्हणून दात आवळून बोलत होते. "तुम्ही शुद्धीवर आहात का? ज्यांच्याविरुद्ध खेळतोय त्यांच्याकडे पाठवलात?"

"साहेब, सामना काय, पुढच्या वर्षी परत येतो," मास्तर म्हणाले. "त्याची जागा नाही यायची."

वामनच्या जागी मास्तरांनी शांताराम नावाचा नवा पोरगा घेतला. तो इतका घाबरला होता की बुटाची नाडी त्याला बांधता येईना. मास्तरांनी खाली बसून ती बांधली. आणि खरं सांगतो, आम्ही त्या दिवशी खेळलो तसे कधी खेळलो नव्हतो. रागानं खेळलो. शांताराम तर अंगात आल्यासारखा. अगदी शेवटी आम्ही दोन पॉइंटनं मागे होतो आणि मला दोन फ्री थ्रो मिळाले.

मास्तरांनी पाठ फिरवली. शेठ, साहेब, सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. फक्त एक काळी टोपी पलीकडे बघत होती.

पहिला टाकला. "गेला."

दुसरा टाकला. तो रिंगवर एकदा वाजला, पुन्हा वाजला आणि बाहेर पडला. एवढी माणसं ओरडत होती, तरी मला त्यांचा आवाज ऐकू आला. "लोखंड."

एका पॉइंटनं हरलो. गोदीची पोरं उड्या मारत निघाली. पण त्यांच्यातले दोघे आमच्याकडून गेलेले. ते मास्तरांसमोर येऊन मान खाली घालून उभे राहिले. मास्तर त्यांच्यावरच खेकसले. "तोंड पाडून काय उभे राहिलात? जिंकलात ना? तिसऱ्या पासाला किती वेळ लावता रे!"

सोमवारी सकाळी गेटवर आमची सगळ्यांची नावं पुकारली. मास्तरांचं पुकारलं नाही. ते थोडा वेळ थांबले, छत्री काखेत मारली आणि गेले.

संध्याकाळी मी लालबागला त्यांच्या खोलीवर गेलो. स्टोव्हवर बोंबील तळत बसले होते.

"बस. भात खाऊन जा."

"वामनचं काय झालं?"

"घेतला त्याला. क्वार्टरसाठी नाव लागलं."

"आणि तुमचं?"

"माझं काय? मी भात केलाय."

दोन दिवस जे पोटात ठेवलं होतं ते मग बाहेर आलं. वामनला पाठवलंत, फर्नांडिसला पाठवलंत, आलेल्या गेलेल्या सगळ्यांची सोय लावलीत. मला मात्र कधी कोणी विचारलं नाही. मी इतका वाईट खेळतो का, मास्तर?

त्यांनी बोंबील उलटले.

"विचारलं होतं," मग म्हणाले. "गोदीवाल्यांनी विचारलं होतं. विजेच्या कंपनीनं पण. मीच सांगितलं, त्याचा गुडघा कच्चा आहे."

"माझा गुडघा?"

"काही झालेलं नाही तुझ्या गुडघ्याला." त्यांनी स्टोव्ह बंद केला. खोली एकदम शांत झाली. "मी ओरडलो की नवी पोरं तुझ्याकडे बघतात. तू हळू आवाजात त्यांना सांगतोस आणि मग त्यांना कळतं. तू गेला असतास तर मी नुसता ओरडत बसलो असतो. आवशीचो घो, तेवढाच एक स्वार्थ केला मी. आणि तो तुझ्या पोटावर."

मी न जेवता उठलो. खाली रस्त्यावरून मोर्चा चालला होता, मशाली होत्या, घोषणा होत्या. मी त्यात शिरलो आणि कोणाच्या टाचेवर पाय पडतोय ते न बघता घरापर्यंत गेलो.

त्यानंतर मी त्यांच्याकडे फिरकलो नाही. मग एक दिवस सकाळी तेच आमच्या दारात. कोट धुतलेला, टोपी नवी. माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "वहिनी, याचे चांगले कपडे काढा. साहेबांकडे जायचंय."

वाटेत ते छत्री टेकत दोन पावलं पुढे चालत होते. मी मागे. विजेच्या कंपनीच्या कचेरीत टीमचा कारभार बघणारे साहेब होते, त्यांच्या टेबलापुढे मास्तर उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. त्यांचं टक्कल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"साहेब, मागे या मुलाबद्दल मी तुमच्याशी खोटं बोललो होतो. याचा गुडघा चांगला आहे."

साहेबांना काही आठवेना. "कसला गुडघा?"

"दाखव रे," मास्तर मला म्हणाले. "बैठका काढ."

"इथे?"

"काढ!"

मी त्या गुळगुळीत फरशीवर, इस्त्रीच्या पँटमध्ये बैठका काढू लागलो. टाइप करणाऱ्या बाई थांबल्या. शिपाई दारात येऊन उभा राहिला. साहेब "पुरे, पुरे" म्हणत होते आणि मास्तर "अजून बघा, साहेब, नीट बघा" म्हणत होते. मला हसूही येत होतं आणि दुसरंही काही येत होतं. माझा राग त्या फरशीवर कधी गळून पडला ते मला कळलंच नाही.

मला नोकरी लागली. वर्षभरात कायम झालो. मास्तरांना एका खानावळवाल्या काकूंनी बाजारहाटाच्या कामाला ठेवून घेतलं. आणि गिरणीची टीम हातातून गेली तरी सकाळी काळाचौकीच्या मैदानात त्यांची पोरं जमतच राहिली. गणपतीच्या मांडवाचे दोन वासे मंडळाकडून मागून आणले, त्यांना रिंगा ठोकल्या, की झालं काम. कामावर जाण्याआधी मी तिथे जाऊ लागलो. मास्तर ओरडायचे, पोरं माझ्याकडे बघायची, मी हळू आवाजात सांगायचो. मधल्या गोष्टीबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. शांताराम रेल्वेत गेला. त्यालाही पेढे वाटले.

महाराष्ट्र झाला. लालबागला रोषणाई झाली, मास्तर रस्त्यात लेझीम खेळले. आणि त्याच वर्षी त्यांचा गावचा भाऊ वारला. शेत बघायला कोणी नव्हतं. कोकणच्या बोटीचं तिकीट काढून ते निघाले.

भाऊच्या धक्क्यावर आम्ही त्यांना पोचवायला गेलो. गोदीतून वामन आला, रेल्वेतून फर्नांडिस आणि शांताराम आले, इतक्या वेगवेगळ्या टीमची पोरं आली की धक्क्यावरचे हमाल विचारू लागले, पुढारी कोण चाललाय म्हणून. वामननं ट्रंक खांद्यावर टाकून बोटीवर नेऊन ठेवली. मास्तरांचं तोंड वळलेलंच होतं. कोणी पाया पडायला वाकला की "पुरे रे, पुरे" म्हणून समुद्राकडे बघायचे.

बोट सुटली. पाण्याचा पट्टा रुंद होऊ लागला. तेवढ्यात डेकवर गडबड झाली आणि माणसांना बाजूला सारत मास्तर कठड्याशी आले. छत्री हलवत मला काहीतरी ओरडून सांगत होते. भोंग्यात ऐकू येईना. मी कानामागे हात धरला.

"तो नवा पोरगा!" ते घशाच्या शिरा ताणून ओरडले. "परवाच बॉल हातात दिलाय त्याच्या! डावा हात अगदीच मेलाय त्याचा! डावा हात बघ!"

"बघतो, मास्तर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानात गेलो तेव्हा पोरं गप्प बसून होती. तो नवा मुलगा शेवटी उभा होता, बॉल उजव्या हातात धरून. मी त्याला पुढे बोलावलं, खिशातला रुमाल काढला आणि त्याचा उजवा हात पाठीमागे बांधून टाकला.

"आता खेळ," मी म्हटलं.